डाव्या हाताची हळद

१

नागोराव गेले तेव्हा त्यांच्या दुकानातला कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर कुठल्याशा नवरीचा चेहरा थिजून राहिला होता, आणि खाली फरशीवर नागोराव पालथे पडले होते. डोक्याशी दिव्याचा लोखंडी स्टँड आडवा पडलेला.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातली. लग्नाचं शूटिंग कॉम्प्युटरवर घेऊन मिक्सिंग करणारी दुकानं तेव्हा त्या भागात दोनच. एक बोईसरला नागोरावांचं, दुसरं पालघरला अण्णांचं. नागोराव मूळचे मराठवाड्याकडचे. कारखान्यात वीस वर्षं रसायनांचा वास घेऊन छाती खराब झाली, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी हे दुकान टाकलं होतं.

प्रेत पाहिलं ते गाळ्याचे मालक खंडेराव यांनी, साडेपाचच्या सुमारास. पाच वाजायच्या जरा आधी रखमाबाईंनी घरून नवऱ्याला फोन केला होता आणि नागोराव त्यांच्याशी नीट बोलले होते. म्हणजे जे झालं ते या अर्ध्या तासातच.

खंडेरावांनी आणखी एक पाहिलं होतं. दुकानातून एक माणूस धावत सुटला होता आणि त्याच्या सदऱ्याला रक्त होतं. तो मंगळ्या. नागोरावांच्या शूटिंगला दिवे धरणारा, डोंगरातल्या पाड्यावरचा. आयतं ताटात आलेलं सोडून शिकारीला कोण जातं? पोलिसांनी मंगळ्याला पाड्यावरून उचललं, आणि आठवडा उलटायच्या आत त्यानं खून कबूल केला.

२

मंगळ्याला वकील करायची ऐपत नव्हती, म्हणून फेब्रुवारीत कोर्टानं नर्मदा चुरीला नेमलं. असल्या नेमणुका तिच्याकडेच यायच्या. वकिली चांगली होती म्हणून नव्हे, ती नाही म्हणत नसे म्हणून. एवढ्या वर्षांत तिला हरायची इतकी सवय झाली होती की आरोपीच्या बायकोला 'बघू हं' म्हणताना तिचा आवाज आता हलतही नसे, आणि याचीच तिला रात्रंदिवस लाज वाटे.

तुरुंगाच्या दाराशी मंगळ्याची बायको लाडकी उकिडवी बसली होती. नर्मदेच्या पायांकडे तेवढं बघत राहिली.

आत मंगळ्यानं सगळं सांगितलं. "चिंचणीला हळद व्हती, बाई. आमच्या दुकानातले भगवंतशेट शूटिंग करत व्हते. बोलले, हॅलोजन उडाला, दुकानातशी दुसरा घेऊन ये. मी टमटममधी बसून आलो. बघतो तं नागोशेट पडलेले. उठवाया गेलो, रगत लागला. मी भ्यालो. पळलो."

"मग कबूल का केलंस?"

मंगळ्यानं उजवा हात मांडीखाली सरकवला. हाताला मळकी चिंधी गुंडाळलेली होती. "पडलो मी कोठडीत," तो म्हणाला. "आता बोटा हलत नाय."

नर्मदेनं त्यावर पुढे विचारलं नाही. विचारून काय होतं हे तिला ठाऊक होतं.

"येताना वाटेत कुणी दिसलं?"

"दिसला ना. पाम गावाजवळ भगवंतशेटची स्कूटर. मी बोईसरला येत व्हतो, ते उलटे चिंचणीला जात व्हते. मी फौजदारसाहेबाला बोललो, तं ते हसले."

नर्मदेला आधी वाटलं, धागा सापडला. पण फौजदार का हसले ते तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. भगवंतपाशी असा साक्षीदार होता की ज्याला खोटं बोलताच येत नाही.

३

फौजदारांनी कॅसेट लावली. हळदीची फिल्म भगवंतनंच मिक्सिंग करून दिली होती, आणि तिची एक प्रत आपणहून चौकीत आणून ठेवली होती.

"बघा," फौजदार म्हणाले. "चिंचणीचं घर. ही नवरी, ही हळद लावणारी म्हातारी. आणि वर?"

नवरीच्या डोक्यावर भिंतीला गोल घड्याळ होतं. अंक नसलेलं, नुसत्या रेघांचं, दोनच काट्यांचं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"कॅमेरा काय आपोआप चालतो, बाई? हा पठ्ठ्या पाच दहाला चिंचणीत हळद टिपतोय. तिथून बोईसरला यायला स्कूटरनं अर्धा तास हवा. पाचनंतर खून करून हा पाच दहाला तिथं उभा राहील? त्यानं स्वतः मला म्हटलं, साहेब, घड्याळ बघा."

"मूळ कॅसेट कुठाय?"

"तिच्यावर दुसरं लग्न भरलं. सीझनला हे लोक तेच करतात. शूटिंग कॉम्प्युटरात उतरवलं की कॅसेट पुन्हा वापरायला मोकळी."

नर्मदा पडद्याकडे बघत राहिली. चित्र लख्ख उजेडात होतं. म्हातारीच्या हातावरची गोंदणाची हिरवी वेलसुद्धा दिसत होती. काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येईना.

"आणि तुम्हाला सांगतो," फौजदार हसून म्हणाले, "या कॅसेटीनं त्या घरात वेगळंच महाभारत झालंय. म्हातारीनं हळद डाव्या हातानं लावली. बघा की! सासरच्यांनी कॅसेट परत फेकली."

४

चिंचणीला सुरूच्या झाडांमागं राहीबाईचं घर. नवरीची ही आजी. सगळ्या आळीत पहिली हळद लावायचा मान तिचा. घर भरलेलं, लेकरं नांदती, म्हणून. आता ती ओटीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सुनेनं हळूच सांगितलं, "कॅसेट आल्यापासून अशाच. पोटभर जेवत नाहीत."

नर्मदेनं वकील असल्याचं सांगितलं, मंगळ्याचं सांगितलं. म्हातारी वळली नाही. "माझा काय निकाल लावाया आली काय?" एवढंच म्हणाली.

"आजी, हळद तुम्हीच लावली ना?"

"मीच. या हातानं." तिनं उजवा हात वर केला. "साठ वरसं लावते हाय. डाव्या हातानं कोण लावल? डावा हात मयताला. येवढं कळत नाय मला? पण त्या डब्यात दिसतंय ना डावा! पोरगा बोलतो, आये, वय झालं, चुकली असशील. नातीला सातपाटीला दिली. तिला दिवस गेले ते टिकले नाय. सासू बोलते, डाव्या हाताची हळद लागली, दुसरं काय व्हनार! पोरगी आता माझ्याशी बोलत नाय."

सुनेनं चहा आणला, तेव्हा कुठे म्हातारी वळली. कप पुढे करणाऱ्या म्हातारीच्या उजव्या मनगटावर गोंदणाची वेल होती, सुरकुत्यांत बुडालेली.

"हळद किती वाजता लागली, आठवतं?"

"वाजता मला काय कळतं? दिवेलागण झाली, देवापुढं दिवा लावला, मंग हळदीला हात घातला. दिव्याबिगर मी हात लावत नाय."

सून ओशाळून हसली. "ते पण तसंच हो. आम्हाला वाटतं बाहेर अजून उजेड होता. कॅसेटीत पाच दहाच दिसतायत. खोलीला खिडकी नाही, लग्नघरात घड्याळ कोण बघतो! आईंना आता हातही आठवत नाही नि वेळही."

"शूटिंगवाला तेव्हा सगळा वेळ इथंच होता?"

"होता ना. म्हणजे... असणारच. कॅमेरा होता ना."

नर्मदा निघाली. बसमध्ये तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. दोन माणसं खोटी ठरली होती, एक म्हातारी आणि एक मंगळ्या, आणि दोघांना खोटं ठरवणारी कॅसेट एकच.

५

खंडेराव साताऱ्याकडचे, अंगानं आडदांड. नागोरावांनी गाळा रिकामा करावा म्हणून त्यांनी वर्षभर भांडण मांडलं होतं, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

"माझ्यावर संशय घ्या की," ते म्हणाले. "भांडलो, खोटं कशाला बोलू? पण खून करून मीच कशाला बोंबलत पोलिसांकडं जाईन, बाई? आन् ते पोरगं पळताना रडत होतं. हेबी मी फौजदाराला सांगितलं. त्यानं लिहिलं नाही."

रखमाबाई दुकानाच्या मागच्या खोलीत होत्या. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. "त्यांनी लोकांना शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "चिंचणीच्या हळदीची फिल्म पोचती झाली, पण त्या पोरीच्या लग्नाचं मिक्सिंग राहिलंय. आणखी दोन घरांचंही. भगवंत म्हणाला, मी करतो. पण मला त्याच्याकडं द्यायचं नव्हतं. परवा पालघरचे अण्णा आले, त्यांना कॉम्प्युटरातली डिस्क देऊन टाकली."

"भगवंतला का नाही?"

"जाण्याआधी दोन दिवस हे जेवत नव्हते. विचारलं तर म्हणाले, लोक आपल्या लेकी आपल्या भरवशावर सोडतात, रखमे, आणि आपण घरात काय पोसलंय! पुढं बोलले नाहीत. नाव घेतलं नाही. पण दुकानात दुसरं होतंच कोण?"

भगवंत बाहेरच भेटला. गोरागोमटा, गोड बोलणारा. "मॅडम, अण्णांना ते जमणार नाही. त्यांचा प्रोग्राम वेगळा, आमचा वेगळा. उगाच लोकांचं काम बिघडेल. मी फुकटात पुरं करून देतो. तुम्ही वहिनींना समजवा ना."

"हॅलोजन उडाला म्हणून मंगळ्याला तुम्हीच पाठवलं होतं?"

"हो. बिचारा. मला काय माहीत असं करेल म्हणून."

'बिचारा' हा शब्द त्याच्या तोंडून इतका सहज आला की नर्मदेनं पाठच फिरवली. दोन पावलं गेल्यावर तिला एकदम कळलं, चौकीत तिला काय खटकलं होतं. दिवा उडाला होता, दुसरा यायचा होता, तर मग पाच दहाच्या चित्रात तो लख्ख उजेड आला कुठून?

ती तशीच पालघरच्या गाडीला धावली.

६

अण्णा वैतागून बसले होते. "ताई, हे दोन प्रोग्राम म्हणजे दोन भावकीतले भाऊ. एकाचं दुसऱ्याला समजत नाही. नागोरावांचा प्रोजेक्ट, म्हणजे मिक्सिंगचा सगळा आराखडा, माझ्याकडं सरळ उघडतच नाही. मधला मार्ग एकच. त्याला साध्या रूपात बाहेर काढायचं, आणि इथं आत घ्यायचं. मग कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत कापलाय, कशामागे काय लावलंय, तेवढं येतं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं गळतं. बदामातले फोटो, फुलांचा पाऊस, रंग, चित्रावर केलेली सगळी कलाकुसर. चाळणीतून रवा पडतो नि कोंडा वर राहतो, तसं. नवरी नटून निघते आणि माझ्याकडे पोचते ती नुसती तोंड धुतलेली." अण्णांना स्वतःचंच हसू आलं. "आता हे सगळं मी पुन्हा करायचं."

"चिंचणीची हळद उघडा."

अण्णांनी उघडली. तोच तुकडा. तीच खोली, तीच नवरी, तीच म्हातारी. पण नवरी आता पडद्याच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. आणि राहीबाईचा हळदीनं भरलेला हात उजवा होता.

नर्मदा खुर्चीवरून उठली. तिची नजर वर गेली, भिंतीवरच्या घड्याळाकडे. अंक नव्हते. नुसत्या रेघा आणि दोन काटे.

सात वाजायला दहा मिनिटं कमी होती.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या दुकानात सगळे दाटीवाटीनं बसले. फौजदार कुरकुरत आले. रखमाबाई, खंडेराव, आणि मुलाच्या आधारानं राहीबाई. भगवंतला 'प्रोजेक्ट उघडत नाही, मदत करा' असा निरोप धाडला होता. तो आनंदानं आला. एवढ्या माणसांना बघून मात्र दारातच थबकला.

एका टीव्हीवर चौकीतली कॅसेट, शेजारच्या पडद्यावर अण्णांचं चित्र. दोन्ही एकाच क्षणाला थांबवलेली.

"एकच शूटिंग," नर्मदा म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "एकात पाच दहा, दुसऱ्यात सात वाजायला दहा कमी. एकात डावा हात, दुसऱ्यात उजवा. आरशात धरल्यासारखं. कुणीतरी मिक्सिंग करताना चित्र उलटं फिरवलं, कॅसेटवर ते तसंच उतरलं. पण प्रोजेक्ट अण्णांच्या प्रोग्राममध्ये आला तेव्हा ते फिरवणं वाटेतच गळलं."

"यातलं उलटं कुठलं कशावरून?" फौजदारांनी विचारलं. प्रश्न वाजवी होता.

"आजी, हात दाखवा."

राहीबाईनं दोन्ही हात पुढे केले. गोंदणाची वेल उजव्या मनगटावर होती. डावं मनगट कोरं. फौजदार उठून टीव्हीपाशी गेले. कॅसेटीतल्या डाव्या हातावर तीच वेल होती.

भगवंत हसला. "हो, फिरवलं मी! आम्ही दिसायला बरं वाटावं म्हणून फिरवतो. नवरीचं तोंड आधीच्या चित्राशी जुळत नव्हतं. हा काय गुन्हा झाला?"

"नाही," नर्मदा म्हणाली. "फिरवणं हा गुन्हा नाही. चित्र फिरलंय हे तुम्हाला माहीत होतं. ते फिरवणारे तुम्हीच, कारण शूटिंग कॉम्प्युटरात उतरायच्या आधीच नागोराव गेले होते. मग ज्या घड्याळाची वेळ खोटी आहे हे तुम्हाला ठाऊक, तेच फौजदारसाहेबांना बोट दाखवून का दाखवलंत? साहेब, घड्याळ बघा, असं कोण म्हणालं?"

फौजदारांनी भगवंतकडे पाहिलं. आता ते हसत नव्हते.

"दिवा उडाला नव्हताच. मंगळ्याला तुम्ही धाडलंत ते रक्तात हात घालायला. तो टमटमची वाट बघत राहिला, तुम्ही स्कूटरनं पुढे गेलात, आणि परतताना पामला त्याला दिसलात. सातच्या आत हळद टिपायला पोचलात. लग्नघरात कॅमेऱ्याच्या मागे कोण आहे आणि कोण नाही, हे कुणी बघत नाही. सगळे कॅमेऱ्यापुढे असतात."

"पण का?" खंडेराव पुटपुटले. "बापासारखा होता तो तुला."

उत्तर अण्णांनी दिलं, मान खाली घालून. डिस्कवर एका कोपऱ्यात काही तुकडे होते. नवरीमुलींच्या खोल्या, भगवंतच्या कॅमेऱ्यानं दाराच्या फटीतून घेतलेल्या. पोरी कपडे बदलत होत्या. नागोरावांनी ते पाहिले होते. "मी बायकांसमोर दाखवणार नाही," अण्णा म्हणाले. "साहेबांनी एकट्यांनी बघावं."

रखमाबाईंनी तोंडाला पदर लावला. भगवंत अजून अण्णांच्या पडद्याकडेच बघत होता, त्या सरळ झालेल्या घड्याळाकडे.

"ते तसंच यायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "प्रोजेक्ट म्हणजे प्रोजेक्ट. मी फिरवलेलं फिरवलेलंच यायला पाहिजे होतं."

आयुष्यात त्यानं आपलं काम कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. देताना काय काय गळतं, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

८

मंगळ्या सुटला तो चैत्रात. नर्मदा न्यायला गेली होती, लाडकी होती, आणि कुणी बोलावलं नसताना चिंचणीहून राहीबाई आली होती. सातपाटीच्या नातीला अण्णांनी सरळ केलेली कॅसेट पोचली होती. सासू ती बघून गप्प झाली म्हणे. नात मात्र अजून आलेली नव्हती. एकदा तोंडातून गेलेलं बोलणं कुठल्या मशीननं परत फिरत नाही.

दार उघडलं. मंगळ्या बाहेर आला, आणि उन्हाला डोळे बारीक करून तिथंच उभा राहिला. दिवे धरणारा माणूस, पण उजेड त्याला सोसेना. लाडकी जवळ गेली. तिनं आधी त्याचा उजवा हात धरला, चिंधी सोडली आणि मग हात सोडूनच दिला. बोटं आत वळून वाळली होती. दवाखान्यातला डॉक्टर नर्मदेला आधीच म्हणाला होता, वेळेवर आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

नर्मदेनं पहिल्यांदा खटला जिंकला होता, आणि तिला मान वर करवत नव्हती.

राहीबाईनं फडक्यातून तांदळाची भाकर काढली, वर सुक्या जवळ्याची चटणी. "खा रं बाबा," ती म्हणाली. मंगळ्यानं सवयीनं उजवा हात पुढे केला. भाकर बोटांत राहिना, खाली पडली. त्यानं घाबरून ती उचलली, पण डाव्या हातानं, आणि लगेच म्हातारीकडे बघून तो हात मागे घेतला. डाव्या हातापायी तिच्या घरात काय झालं ते त्यानंही ऐकलं होतं.

राहीबाईनं त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत ओढून घेतला, फडक्यातली दुसरी भाकर त्यात ठेवली आणि बोटं मिटवली.

"याच हातानं खा," ती म्हणाली. "मी बसते हितं, तुझं व्होईपर्यंत."

मंगळ्या तुरुंगाच्या भिंतीला टेकून खाली बसला, आणि डाव्या हातानं, सांडत सांडत, जेवू लागला.